गव्हाभर पुढं, तांदळाभर मागं: बापपणातून साधना कशी करायची

रंकाळा तळ्याच्या काठावरच्या नंदीबद्दल कोल्हापुरात जुनी समजूत आहे. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो. तळ्यापर्यंत पोचला की जगबुडी. जगबुडीचं सोडा, पण बापपणातली प्रगती याच मापाची असते. पंधरा दिवसांत शांत बाप व्हायचा उपाय इथं मिळणार नाही.

मूल झालं की पुरुषाचं अध्यात्म दोनपैकी एका ठिकाणी अडकतं. एक गडी म्हणतो, साठीनंतर बघू. दुसरा उत्साहात पहाटे साडेचारला उठून जप धरतो. लेकरू रात्री दोनला जागं होतं, झोप पुरी होत नाही, तिसऱ्या आठवड्यात जप सुटतो आणि वर अपराधीपणाचं ओझं बसतं. जपात काही चूक नाही. आधीच भरलेल्या पोत्यात आणखी एक पायली कोंबली, एवढंच झालं.

म्हणून पहिला नियम: दिवसात नवीन काही वाढवायचं नाही. जे काम बाप म्हणून करावंच लागतं, त्यातलं एक उचलायचं आणि तेच साधनेसारखं करायचं. मुदत सव्वा महिना. मग दुसरं काम.

कोणतं काम धरायचं

काम रोजचं हवं, निदान आठवड्यातून पाच दिवसांचं. ते पाच ते पंधरा मिनिटांत संपणारं हवं आणि त्यात मोबाइल लागता कामा नये. आंघोळ, वेणी, बूट-मोजे, डबा भरणं, शाळेत सोडणं, रात्री झोपवणं, यातलं काहीही चालेल. दोन-तीन कामांत निवड करायची वेळ आली तर ज्याचा सगळ्यात जास्त वैताग येतो ते घ्या. आवडीच्या कामात शिकायला फारसं उरत नाही.

अभ्यास घेणं मात्र सुरुवातीला धरू नका. अभ्यासात मार्क येतात, मार्कांबरोबर शेजारच्या पोराचे मार्क येतात, आणि फळावर डोळा न ठेवता कर्म करायचं ही पहिलीच पायरी निसटते. अंगावर पाणी घालण्यात कुणाला पहिला नंबर मिळत नाही.

शाळेत सोडण्याचं काम क्षुल्लक वाटत असेल, तर करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानाचा इतिहास आठवा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. पोराला शाळेच्या दारापर्यंत नेणं हे इथं शंभर वर्षांपासून बापाचं कर्तव्य आहे.

आंघोळ: एक काम पुरतं उलगडून

दोन ते पाच वर्षांच्या लेकराला न्हाऊ घालणं हे सुरुवातीला सगळ्यात चांगलं. हात, डोळे आणि कान तिन्ही त्यात गुंततात, त्यामुळं मनाला भटकायला जागा कमी राहते.

तयारी अशी. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलट केलं तर मधल्या वेळात लेकरू हात घालतं आणि भाजतं. पाणी बंबातलं असो की गीझरचं, पारख कोपरानं करायची. तळवा राठ असतो, त्याला कढत पाणीही कोमट लागतं. कोपराला गरम वाटू नये, गारही वाटू नये. तेल लावणार असाल तर कोमट खोबरेल दोन चहाचे चमचे पुरे. जास्त तेलानं ओल्या फरशीवर पाय सटकतो, म्हणून पाटावर बसवूनच लावा. टॉवेल, कपडे, साबण आधी हाताशी ठेवा. टॉवेल विसरला म्हणून लेकराला बादलीजवळ एकटं सोडून जायचं नाही, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. बादलीतल्या वीतभर पाण्यातही जीव जातो.

आता साधनेचा भाग. मोजून अकरा तांब्ये. प्रत्येक तांब्याला मनात एक नाव: अंबाबाई, जोतिबा, बिरोबा, अल्ला, तुमचं जे असेल ते. नाव घ्यायचं नसेल तर नुसता आकडा. तोंडानं काही म्हणायची गरज नाही, लेकराची बडबड ऐकायची आहे. हात जिथं, नजर तिथं: मानेच्या घड्या, कानामागं, पायांच्या बोटांच्या बेचक्या. देवाची मूर्ती न्हाऊ घालणारा पुजारी एवढंच करतो, त्याच्यापुढं फक्त मूर्ती हलत नाही आणि तुमच्यापुढची हलते. शेवटचा तांब्या पायांवर.

मध्येच ऑफिसचं आठवणार. आठवलं तर सोडून द्या आणि चुकलेला आकडा पुन्हा धरा. सहावा की सातवा हे आठवत नसेल तर सहावाच धरा.

बिघडतं कुठं? साबण डोळ्यात गेला की लेकरू किंचाळतं आणि पुढचा आठवडा न्हाणीघराचं नाव काढू देत नाही. पाणी कपाळावरून सरळ खाली आलं की हे होतं. लेकराला वर छताकडं बघायला सांगा, एक हात भुवयांवर आडवा धरा आणि पाणी मागं ओता. दुसरा बिघाड घाईचा. शाळेची रिक्षा पावणेआठला येते आणि तुम्ही सव्वासातला तेल चोळताय, तर ती साधना नव्हे, दोघांचा छळ आहे. शाळेच्या दिवशी आंघोळ संध्याकाळी ठेवा, किंवा तेलाचा बेत रविवारी.

या कामातला खरा धडा पाच-सहा वर्षांच्या सुमारास येतो. तोपर्यंत तुमचा हात बसलेला असतो, तुम्हाला ते आवडायला लागलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा लेकरू म्हणतं, "बाबा, तुम्ही बाहेर थांबा." थांबायचं. तांब्या त्याच्या हातात द्यायचा आणि दाराबाहेर बसायचं. मानेवर साबण राहील, राहू दे. सेवा मनापासून करायची आणि मागितली की त्याच क्षणी सोडून द्यायची, हे पुढं सायकलपासून लग्नापर्यंत पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्याचा सगळ्यात स्वस्त सराव न्हाणीघराच्या दारात होतो.

राग: राजाराम बंधाऱ्याची पट्टी

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर सकाळी उठल्याउठल्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा, म्हणजे नदीचं पाणी किती फुटांवर आलं ते, विचारतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. रागासाठी यापेक्षा चांगलं साधन शोधायची गरज नाही.

आधी आपली ३९ ची खूण ठरवा. ती शरीरात असते, विचारात नसते. एकच वाक्य तिसऱ्यांदा म्हणणं, दात आवळले जाणं, लेकराला लाडाच्या नावाऐवजी पूर्ण नावानं हाक मारणं, हातातली वस्तू आपटून ठेवणं. प्रत्येकाची वेगळी; बायकोला विचारलंत तर ती लगेच सांगेल. ४३ म्हणजे हात उगारला गेला, किंवा लेकराच्या वागण्यावरून घसरून थेट त्याच्यावर शब्द गेला: "तू असलाच आहेस."

पुराचं पाणी आधी शिरतं त्या प्रयाग चिखली, आंबेवाडी, शहरातला सुतारवाडा इथल्या लोकांना विचारा, घर कधी सोडायचं. पाणी उंबऱ्याला लागल्यावर नव्हे. काम मधल्या चार फुटांत करायचं असतं. ४३ नंतर साधना होत नाही, तिथं फक्त नुकसान मोजलं जातं.

३९ ला करायचं ते असं. हातात असेल ते खाली ठेवा. बसा, शक्यतो जमिनीवर, म्हणजे उंची लेकराएवढी होते आणि आवाज आपोआप उतरतो. एकच वाक्य बोला: "मला राग आलाय, मी जरा बसतो." मग श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे दहा. साधारण शंभर सेकंद लागतात. बाहेर सोडणं लांब हवं, सगळं काम तिथंच होतं. जोरजोरात आत ओढून उलट डोकं तापतं. लेकरू लहान असेल आणि जवळ गॅस, गॅलरी किंवा रस्ता असेल तर खोली सोडून जायचं नाही, तिथंच बसायचं.

पहिल्या आठवड्यात हे जमणार नाही. ३९ ची खूण लक्षात येते तोवर पट्टी ४५ दाखवत असते. म्हणून पहिले सात दिवस राग आवरायचा प्रयत्नच करू नका, फक्त नोंद करा. वेळ, पातळी, आणि तिसऱ्या रकान्यात पाऊस कुठं पडला. हा तिसरा रकाना महत्त्वाचा. शहरात लख्ख ऊन असतानाही पंचगंगा चढत असते, कारण पाऊस गगनबावड्याला आणि राधानगरीकडं झालेला असतो. तसंच दुधाचा पेला सांडला म्हणून आलेला राग बहुतेक वेळा दुधाचा नसतोच. तो हप्त्याचा असतो, साहेबाचा असतो, रात्रीच्या चार तासांच्या झोपेचा असतो, कधी नुसत्या भुकेचा. सात दिवसांची नोंद वाचली की दिसतं, पूर ठरावीक वेळीच येतो: सकाळी निघायच्या आधीचा अर्धा तास आणि रात्री आठच्या पुढं. भुकेचा पूर तर अगदी सोपा. घरात शिरायच्या आधी मूठभर शेंगदाणे-गूळ खाल्ला तरी दोन फूट पाणी उतरतं.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की ते आपणहून उघडतात, कुणाला हुकूम द्यावा लागत नाही. बापालाही अशी सोय हवी. आठवड्यातून तीन दिवस तालीम, रंकाळ्याची चाल, पोहणं, भजनी मंडळ, काहीही; पण वार आणि वेळ ठरलेली. "ताण आला की जाईन" असं ठेवलं तर ताण आलेल्या दिवशी जायला वेळच नसतो.

शास्त्रात ज्याला साक्षीभाव म्हणतात तो समजायला अवघड, पण बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो सहज कळावा. पट्टी वाचणारा पाण्यात नसतो. "आत्ता एक्केचाळीस" असं मनात म्हणता आलं, की त्या क्षणापुरते तरी तुम्ही काठावर आहात.

आणि पाणी वर गेलंच तर माफी त्याच दिवशी मागायची, लेकरू झोपायच्या आत. माफीत तीन गोष्टी हव्यात: मी काय केलं, चूक माझी होती, आता मी काय करणार. "मी ओरडलो, ते चुकलं, उद्या राग आला की आधी बसेन." एवढंच. या वाक्यात "पण" आला की माफी संपली. "पण तूसुद्धा ऐकत नाहीस" हा पुन्हा आरोप झाला. माफीऐवजी आइस्क्रीम आणणं ही दुसरी चूक. त्यातून लेकरू एवढंच शिकतं, की बाबांच्या रागाचा भाव वीस रुपये आहे.

दहा मिनिटं वाट मोकळी

अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, नोव्हेंबरात ९, १०, ११ च्या सुमारास आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग, धूळ किंवा वाटेतली बांधकामं आडवी आली की ती वरपर्यंत पोचत नाहीत. सूर्याला कुणी बोलवावं लागत नाही. वाट मोकळी ठेवावी लागते.

लेकराशी बोलणं याच क्रमानं होतं. संध्याकाळी दहा मिनिटं, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. खिशात, सायलेंटवर ठेवलेला चालत नाही, खिसा थरथरला की नजर जाते आणि लेकराला ते कळतं. पहिले काही दिवस नुसतं जवळ जमिनीवर बसायचं. ते गाडी खेळत असेल तर गाडी बघायची; शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. आठवड्याभरानं त्याला आत काय वाटतं ते बाहेर येऊ लागतं. चेहरा वळवून ते स्वतःहून सांगायला लागतं ते शेवटी. लोक पहिल्याच दिवशी मुखदर्शन मागतात: "आज शाळेत काय झालं?" उत्तर मिळतं, "काही नाही." विचारायचंच असेल तर बारीक विचारा: डब्यातलं कुणाला दिलंस, आज शिक्षा कुणाला झाली.

चौदा-पंधराच्या पुढच्या पोरापोरींना समोरासमोर बसवू नका. शेजारी शेजारी चालताना, गाडी धुताना, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर दूध प्यायला जाताना ती जास्त बोलतात, कारण बापाच्या डोळ्यात बघावं लागत नाही. घरातल्या लहानग्याला कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र देऊ नका, त्याच्यासाठी घरी नेऊन उकळा.

नळी

रविवारच्या मटणाच्या ताटात अध्यात्म कसलं, असं कुणी म्हणेल. कोल्हापुरात तरी तो प्रश्न फारसा टिकत नाही. रविवारी वाढायचं काम बापानं घ्यावं आणि शेवटी जेवावं. पांढरा रस्सा आधी लेकरांना, तांबडा ज्याच्या त्याच्या सोसण्याप्रमाणं. नळी, म्हणजे आत मगज असलेलं हाड, आपल्या ताटात न घेता ज्याला आवडते त्याच्या ताटात टाकायची. आणि ते बोलून दाखवायचं नाही. "बघ, माझी नळी तुला दिली" हे वाक्य आलं की दान संपून उधारी सुरू झाली, आणि ती दहावीच्या निकालाला व्याजासकट वसूल केली जाते. शाकाहारी घरात पुरणपोळीवरच्या तुपाला हाच नियम.

पडण्याची माती

तालमीत कुस्तीच्या आधी हौद, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, उकरतात. लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळून ती मऊ ठेवतात, म्हणजे आपटी खाल्ली तरी हाड मोडत नाही. वस्ताद पोराला पडू देतो. माती कडक होऊ देत नाही. निकालाच्या दिवशी, हरलेल्या मॅचनंतर, चोरी पकडल्यावर बापानं आधी हेच बघायचं. पहिला तास प्रश्न नाहीत, जेवण आणि सोबत. हिशेब दुसऱ्या दिवशी, तो चुकवायचा मात्र नाही. माती मऊ ठेवणं वेगळं आणि कुस्तीच न होऊ देणं वेगळं.

पाळीवाले आणि पाणीवाले

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत दुसऱ्या पाळीला असणारा बाप रात्री झोपवू शकत नाही. त्यानं सकाळचं काम धरावं आणि पाळी बदलली की कामही बदलावं, सव्वा महिना मोडला असं मानू नये. उसाला रात्रीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्यानं पहाटे घरी आल्यावर लगेच साधना करू नये. आधी झोप. झोपेविना सहनशक्ती आणायची कुठून? अशा बापाला आठवड्यातून दोन दिवसही पुरे, फक्त वार पक्के असावेत.

कुठं फसतं

सगळ्यात मोठी फसगत म्हणजे तात्पर्य सांगणं. आंघोळ घालताना "बघ बाळा, शरीर हे मंदिर आहे" असं सुरू केलं की लेकराचे कान मिटतात. धडा तुमच्यासाठी आहे.

दुसरी, स्टेटसला फोटो. वेणी घातल्याचा फोटो टाकला की पुढची वेणी फोटोसाठी घातली जाते.

तिसरी जास्त अवघड. साधनेच्या नावाखाली बाप डोळे मिटून बसतो आणि डबा, दप्तर, दूध सगळं बायको बघते. याला कसोटी एकच: महिन्याभरानं तिला विचारा, तुझं काम कमी झालं का. ती "नाही" म्हणाली तर तुमची शांती तिच्या खर्चानं आली आहे. काम बदला.

परीक्षेपुरता जोतिबाला नवस बोलून लेकराच्या डोक्यावर ओझं ठेवणं हेही टाळा. डोंगरावर न्यायचंच असेल तर चैत्र यात्रेची गर्दी सोडून साध्या वारी न्या, पायऱ्या त्याच्या पावलानं चढा, गुलाल हवा तेवढा उधळू द्या.

काही गोष्टी या मापात बसत नाहीत. हात वारंवार उठत असेल, दारू सुटत नसेल, किंवा आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर साधना बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

वही

दोनशे पानी वही पुरे. रोज रात्री दोन ओळी: गव्हाच्या रकान्यात पुढं काय गेलं, तांदळाच्या रकान्यात मागं काय आलं. "वेणी घालताना एकदाही घाई केली नाही." "दप्तरावरून ओरडलो, माफी राहिली." बेरीज करायची नाही. तीन दिवस खंड पडला तर चौथ्या दिवसाची तारीख टाकून पुढं लिहा, मोजणी पहिल्यापासून धरू नका. पुन्हा पहिल्यापासून मोजणारे दुसऱ्या खंडाला वही कपाटात टाकतात. सुरुवातीला मुहूर्त नको, सोमवारही नको, आज रात्रीची ओळ लिहिली की सुरू झालं.

वही लपवायची गरज नाही. लेकराच्या हाती लागली आणि त्यानं विचारलं, तर सांगा की तुझ्याशी नीट वागायला शिकतोय. त्याला स्वतः एखादी ओळ लिहायची असली तर पेन द्या. ती त्यानं तांदळाच्या रकान्यात लिहिली तर वाद घालू नका.